जिना वळवणाऱ्या बटणाची कैफियत

बोलतोय तो मी, एक बटण. सदऱ्याचं नव्हे, दारावरच्या घंटेचंही नव्हे. संगणकावर आराखडे काढायच्या एका सॉफ्टवेअरमधलं, वरून दुसऱ्या ओळीतलं, डावीकडून सातवं. माझ्या अंगावर वळणाऱ्या जिन्याचं चित्र आहे. निदान काढणाऱ्याच्या मनात तरी जिनाच होता. बघणाऱ्यांना तो कधी पंखा वाटतो, कधी पत्त्यांचा हात, आणि आमच्या ब्रेंडलेसाहेबांना पंधरा वर्षं तो केकचा तुकडा वाटत होता.

माझं काम आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढची भानगड कळेल. सरळ जिना कुणीही काढेल. पण जिना कोपऱ्यात वळला की पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होतात आणि बाहेरच्या बाजूला पसरतात. एकदम वळवल्या तर आतल्या टोकाला पाऊल टेकायलाच जागा उरत नाही. म्हणून वळण यायच्या बऱ्याच आधीपासून एकेक पायरी जराशी तिरकी करत न्यायची असते, अशी की चढणाऱ्याच्या पायाला पत्ताही लागू नये. चांगल्या सुताराला या कामात अख्खा दिवस जायचा. मी एका टिचकीत उरकायचो. आता एवढं करणाऱ्याला थोडा माज येणारच, तो मला आला होता.

माझा जन्म १९९७ सालचा, जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कचेरीतला. गुंडोल्फ रेश्के नावाचा प्रोग्रॅमर माझा बाप. त्याचा बाप सुतार. पोरानं रंधा हातात धरला नाही म्हणून म्हातारा त्याच्याशी धड बोलत नसे. मग पोरानं मला घडवलं, घरी नेऊन बापाला दाखवलं आणि म्हणाला, "हे बघा, तुमचं दिवसभराचं काम." म्हाताऱ्यानं पडद्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाला आणि सूप प्यायला लागला. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते एवढंच.

वर्षभरात मी त्याच मुलखातल्या, म्हणजे श्वाबियातल्या, एका गावी ब्रेंडल्यांच्या जिन्यांच्या कारखान्यात आलो. तिथे माझी गाठ पडली गुडरून हागमनबाईंशी. बाई आराखडे काढायच्या. टोकदार पेन्सिल, टोकदार नाक आणि त्याहून टोकदार जीभ. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, एकदा दाबलं, आलेला जिना तीन वेळा मोजला आणि मग चोवीस वर्षं मला दाबत राहिल्या. दिवसाला तीस-चाळीस वेळा, कारण एखादं माप जरासं बदललं की जिना परत वळवावा लागे. त्यांचं बोट माझ्याकडे यायला लागलं की मला आधीच कळायचं. नऊच्या न्याहारीला त्या लोणी लावलेला ब्रेत्सेल नावाचा खारा पाव खात, तेव्हा चिकटलेलं मीठ झटकून मगच माऊसला हात लावत. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही. पण या मुलखात शाबासकी द्यायची पद्धतच नाही, तेव्हा माझी तक्रार नव्हती.

तक्रार आहे ती एका चौकटीबद्दल. दर वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायची आणि येताना एक खिडकी उघडून अदबीनं विचारायची, की तुम्ही कोणती सोय किती वेळा वापरता, हे कंपनीला कळवलं तर चालेल का? नाव नको, गाव नको. एका चौकटीत खूण केली की झालं.

हे विचारलं कुणाला, तर या लोकांना. हागमनबाईंनी इंटरनेटवरच्या रस्त्यांच्या फोटोत स्वतःचं घर पुसट करून घेतलंय. सगळ्या गल्लीत तेवढं एकच घर पुसट, त्यामुळे टपालवालासुद्धा आता "त्या पुसट घराच्या पलीकडे" असा पत्ता सांगतो. ब्रेंडलेसाहेबांच्या संगणकाच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी आहे, आणि ती ते दर महिन्याला बदलतात. अशा घरी ती खिडकी उघडली की कचेरीत सभाच भरायची.

"मी दिवसातनं काय कितीदा दाबते, ते त्यांना कशाला हवंय?" बाई म्हणायच्या. "उद्या विचारतील, मोरीत कितीदा जाता."

"आणि त्यावरून सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं वाढवतील," ब्रेंडलेसाहेब म्हणायचे.

कारखान्याचे मिस्त्री ऑयगेन दाराशी कॉफीचा मग घेऊन उभे असायचे. त्यांनी जन्मात संगणकाला हात लावला नव्हता. पण ते दर वर्षी म्हणायचे, "मी तर आधीपासून सांगतोय."

मग बाई "नाही" वर खूण करायच्या, आणि ती नीट झालीय ना म्हणून दोनदा बघायच्या. इथेच नव्हे. काळ्या जंगलापासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत जितके म्हणून लाकडी जिने करणारे होते, त्या सगळ्यांनी असंच बाणेदारपणे "नाही" म्हटलं. "हो" कुणी म्हटलं? मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या कचेऱ्यांनी, कारण तिथे ती खिडकी वाचायला कुणाला वेळ नव्हता. त्यांचे जिने सरळ. ते मला दाबायचे ते चुकून, शेजारचं छपाईचं बटण दाबताना.

तुमच्या आलं असेलच लक्षात. माझ्या नाही आलं. मी आपला दिवसाला चाळीस टिचक्या मोजत खुशीत होतो.

मग गेल्या वर्षी कारखान्यात लाकूड कापायचं नवं यंत्र आलं. त्याला जुन्या आवृत्तीतले आराखडे चालेनात. म्हणून सप्टेंबरात टोर्स्टेन विंकल नावाचा माणूस नवी आवृत्ती घेऊन आला. विंकल म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा माणूस. पांढरे बूट, गोड आवाज, आणि तोंडात सारखा "प्रवास" हा शब्द. त्यानं हागमनबाईंच्या टेबलावर नवा संगणक मांडला आणि जुना, म्हणजे ज्यात मी राहतो तो, उचलायला गेला.

"तो इथेच राहील," बाई म्हणाल्या.

"बाई, त्याची गरज पडणार नाही."

"मला विचारून ठरवा."

मग मला खिडकीपाशी, खनिज पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसवलं. एका बाजूला कचेरी, दुसऱ्या बाजूला काचेतून दिसणारा कारखाना. जागा वाईट नव्हती. तिथून मी नव्या आवृत्तीचा थाट बघितला. बटणांचे कोपरे गोल झालेले, रंग फिकट, आणि काहीही केलं की पडद्यावर "छान निवड" असं उमटायचं. माझ्या जागी, दुसऱ्या ओळीत सातव्या घरात, एक तारा होता. तो दाबला की मित्रांना सॉफ्टवेअरची शिफारस करता यायची.

"माझं सातवं कुठाय?" बाईंनी विचारलं.

"कुठलं सातवं?"

"जिना वळवायचं."

विंकलनं या यादीत शोधलं, त्या यादीत शोधलं. मग त्यानं कंपनीचा एक कागद उघडला. नाव होतं "सुलभ केलेल्या गोष्टी". दोनशे चौदाव्या पानावर, तळटिपेत, मी होतो. कारण दिलं होतं, वापर नगण्य.

"नगण्य म्हणजे किती?"

विंकलनं टिचक्या मारल्या. "सबंध देशात, वर्षभरात... एकोणीस वेळा."

"एकोणीस तर मी न्याहारीच्या आधी दाबते."

"असेल हो, पण तुम्ही कळवलं नाहीत ना. चौकटीत 'नाही' दिसतंय. तुमचं नाही, तुमच्या धंद्यातल्या झाडून सगळ्यांचं नाही. कंपनीला काय स्वप्न पडणार?"

बाईंनी पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ते माझं खासगी आहे." आवाज मात्र नेहमीसारखा चढला नाही. मला हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या हातानं मला खड्ड्यात लोटलं, आणि तेही तत्त्व म्हणून.

दुसऱ्या दिवशी ब्रेंडलेसाहेब बाईंच्या टेबलाशी आले. ते उभ्याउभ्या बोलायला लागले की काहीतरी वाईट असतं.

"हागमनबाई, वाचनालयाचा जिना. पंधरा ऑक्टोबरपर्यंत तो नव्या आवृत्तीतून यंत्रात गेला पाहिजे."

"बघते."

"बघते नको. नाही जमलं तर आराखड्यांचं काम मी बाहेर देतो. विंकलच्या ओळखीचे कुणीतरी आहेत लाइपझिगला. तुम्ही मग फोन घ्या, पत्रं बघा. नाहीतरी दोनच वर्षं राहिलीत तुमची. दगदग कशाला?"

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अडतीस वर्षं जिने काढलेल्या बाईला फोन घ्यायला बसवायचं, आणि वर म्हणायचं दगदग नको. मला त्यांची कीव आली. पण खोटं कशाला बोलू, कीव आली त्याहून जास्त मला आशा वाटली. बाई हरल्या, तशाच आणखी शंभर ठिकाणी शंभर जण हरले, की कंपनीला मला वाजतगाजत परत आणावं लागेल. म्हणजे बाई हरायला हव्या होत्या. मी खोक्यावर बसून त्याचीच वाट बघत होतो.

सुरुवात तर झकास झाली. वाचनालय म्हणजे गावातली जुनी शाळा. तिच्यात एकही भिंत काटकोनात नाही, आणि जिना वळतो तो नेमका दोनशे चाळीस वर्षांच्या धुराड्याभोवती. नव्या आवृत्तीत माझ्याऐवजी "जिना-मित्र" नावाची एक सोय होती. ती आपली आपणच जिना सुचवायची. बाईंनी मापं दिली. जिना-मित्रानं विचार केला आणि म्हणाला, अडथळा आढळला, धुराडं हटवू का?

"ते हटवायला पुरातत्त्ववाल्यांची सही लागेल, गाढवा," बाई पडद्याला म्हणाल्या आणि "नको" दाबलं.

छान निवड, जिना-मित्र म्हणाला. मग त्यानं जिन्याऐवजी उद्वाहक सुचवला. तोही नको म्हटल्यावर त्यानं जिना काढला, पण वळणावरच्या चार पायऱ्या आतल्या टोकाला तीन-तीन सेंटिमीटर. मांजरसुद्धा त्यावर विचार करून पाय ठेवेल.

मग बाईंनी विंकलला फोन केला. त्यानं एक कागद पाठवला, त्यात मला वगळून माझं काम कसं करायचं ते एक्केचाळीस पायऱ्यांत समजावलं होतं. बाई मंगळवारी सकाळी बसल्या. एकोणतिसाव्या पायरीवर जे बटण दाबायला सांगितलं होतं, तेही काढून टाकलेलं निघालं. बाईंनी कागदाची चौघडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

शेवटी त्या माझ्याकडे आल्या. खोक्यापुढे स्टूल ओढून बसल्या, मला दाबलं, मी सुरेख जिना काढून दिला. तो त्यांनी नव्या संगणकात नेला. तिकडे जाईपर्यंत त्याच्या पायऱ्यांच्या सुट्या, तुटक्या रेघा झाल्या होत्या. यंत्रानं तो घेतला नाही. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. ऑक्टोबरचे आठ दिवस उलटले होते.

नवव्या दिवशी बाई कचेरीत बसल्याच नाहीत. घरून जुनी विजार घालून आल्या, थेट कारखान्यात गेल्या आणि ऑयगेनमिस्त्रींना म्हणाल्या, "मला जागा दे. चार मीटर बाय चार मीटर."

"काय हरवलंय?"

"जिना काढायचाय. जमिनीवर. खऱ्या मापाचा."

मिस्त्रींनी हातातली कॉफी खाली ठेवली. दोघं एकाच साली एकाच शाळेत हे काम शिकले होते, म्हणून सगळ्या कारखान्यात ती दोघंच एकमेकांना अरेतुरे करायची. "गुडरून, तुझे गुडघे पुरतील का?"

"तुझी जीभ पुरेल का ते बघ. झाडू आण."

त्यांनी जमीन झाडली, प्लायवूडच्या पांढऱ्या फळ्या अंथरल्या, धुराड्याचा कोपरा आखला. मग बाई गुडघ्यांखाली उशी घेऊन बसल्या. माणूस चढताना जिथून चालतो ती रेघ त्यांनी आधी काढली आणि कंपासनं तिचे सारखे सोळा भाग केले. एकदा भाग चुकले, पुसले, परत केले. मग चिवट लाकडाची लवलवती पट्टी खिळ्यांमधून वाकवून आतली कड ठरवली. मिस्त्री पट्टी धरायचे, बाई रेघ ओढायच्या. दीड दिवस हे चाललं. मी काचेतून बघत होतो. मला ते सगळं फार केविलवाणं वाटत होतं. जे मी एका टिचकीत करतो त्यासाठी दोन म्हातारी माणसं जमिनीवर रांगत होती.

शुक्रवारी दुपारी जिना पुरा झाला. बाई उठल्या, टेबल धरून, दोन टप्प्यांत. मग त्यांच्या मनात शंका आली. त्या कचेरीत आल्या, मला दाबून तोच जिना काढला आणि मोठ्या छपाईयंत्रावर खऱ्या मापात छापून घेतला. तो कागद दोघांनी जमिनीवरच्या जिन्यावर अंथरला, चूक कुठे झालीय ते बघायला. चूक अर्थात त्यांची, माझी कशी असेल?

पहिली पायरी जुळली. दुसरी जुळली. तिसरी जुळली नाही.

"अकरा मिलिमीटर," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं कुठेतरी."

त्यांनी कंपास घेऊन परत मोजलं. परत तेच. मिस्त्री माझा कागद घेऊन पलीकडे गेले, पायऱ्यांच्या मापानं फळकुटं मांडली, डोळे मिटले आणि त्यावरून चालायला लागले. एक, दोन, आणि तिसऱ्याला त्यांचा बूट अडखळला. मग त्यांनी बाईंच्या रेघांवर फळकुटं मांडली आणि तसेच डोळे मिटून चालले. सोळाच्या सोळा पायऱ्या सरळ गेले.

"तुझं बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "यंत्र खोटं आहे."

आता लपवण्यात अर्थ नाही. यंत्र नव्हे, मी. रेश्केनं मला घडवलं तेव्हा प्रत्येक पायरीचं माप पुऱ्या मिलिमीटरात बसवलं होतं, अपूर्णांक आला की पुढच्या मिलिमीटरावर नेऊन. सगळीकडे थोडं थोडं जास्त दिलं की शेवटी तेवढं कुठेतरी कमी पडतंच. कुठल्या जिन्यात दोन मिलिमीटर, कुठल्यात चौदा. ती सगळी तूट मी एकाच पायरीत ढकलत होतो, तिसऱ्या. तिसरीच का? रेश्केचा हिशोब असा, की पहिल्या दोन पायऱ्या माणूस बघून चढतो, तिसरीकडे कुणी बघत नाही. बरोबर होता हिशोब. बघत नाही म्हणूनच तर पाय अडखळतो, एवढं त्याला सुचलं नाही. मला सुचलं होतं का? मला माहीत होतं. पण चोवीस वर्षांत कुणी बोललं नाही, आणि न बोलणाऱ्याला काही दुखत नाही अशी मी आपली समजूत करून घेतली होती. आराखड्यावर सगळ्या पायऱ्यांचं मिळून एकच माप छापलं जायचं, तेही मीच छापायचो, आणि बाईंनी पहिल्या दिवशी तीनदा मोजलं होतं ते तेवढंच.

सोमवारी बाईंनी नव्या आवृत्तीत जमिनीवरचा जिना उतरवायला घेतला. जिना-मित्र बंद केला. साध्या रेघा मात्र कुणी काढून टाकल्या नव्हत्या. बाईंनी प्रत्येक पायरीचे कोपरे मोजून एकेक फळी वेगळी काढली, सोळाच्या सोळा. मंगळवारी, चौदा तारखेला, दुपारी चारला यंत्र सुरू झालं आणि त्यानं एकही कुरकुर न करता पहिली पायरी कापली. ब्रेंडलेसाहेब आले, फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरं." मला रेश्केचा म्हातारा बाप आठवला. लाइपझिगची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मी हरलो होतो. पण बाईंचं संपलं नव्हतं.

"साहेब, एक आहे," त्या म्हणाल्या. "जुने जिने. वळणाचे. मी फायली तपासल्या. सगळ्यांची तिसरी पायरी चुकलेली आहे."

ब्रेंडलेसाहेबांनी आधी दार लावलं. "किती जिने?"

"एक हजार एकशे बारा."

"कुणी तक्रार केलीय?"

"नाही."

"मग?"

"मग काय? माझी सही आहे त्यांच्यावर."

"सही सॉफ्टवेअरच्या भरवशावर केलीत तुम्ही. तुमचा काय दोष? आणि आता तोंड उघडलं तर लोक म्हणतील, ब्रेंडल्यांचे जिने खोटे."

"खोटेच आहेत."

साहेब लाल झाले, मग पांढरे झाले, मग खुर्चीत बसले. तासाभरानं त्यांना मार्ग सुचला. त्या आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली की ब्रेंडले आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या जिन्यांची मोफत तपासणी करून देणार, परंपरा आणि आपुलकी म्हणून. लोकांना इतकं भरून आलं की नव्या मागण्यांची रांग लागली. बाईंनी जाहिरात वाचली आणि घडी करून कपाटात ठेवली.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी बाई माझ्या खोक्यापुढे स्टूल ओढतात. जिने कुठे कुठे आहेत आणि कुणाच्या तिसऱ्या पायरीत किती तूट आहे, हे फक्त माझ्या जुन्या फायलींतच आहे. त्या तीन पत्ते उतरवून घेतात आणि मिस्त्रींबरोबर गाडी घेऊन जातात. कुणाच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांच्या कडा रंधतात, कुणाकडे पट्टी चिकटवतात, आणि मी एका पायरीवर ढकललेली तूट चार-पाचांत वाटून देतात. शुक्रवारी न्याहारीला दोघांच्या गप्पा मला ऐकू येतात. सायलर नावाच्या एका बाईंनी त्या पायरीपायी तीन वेळा चष्मा बदलला होता. कुणाचा नवरा दुपारी घरी येताना अडखळायचा, आणि बायको पंधरा वर्षं त्याच्या तोंडाचा वास घेत होती.

माऊख नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सहा वर्षांपूर्वी ते जिन्यावरून पडले. कंबर मोडली नाही, पण हिंमत मोडली. आपलं वय झालं असं धरून त्यांनी खाट खाली दिवाणखान्यात आणली आणि त्यानंतर वर गेलेच नाहीत. बायकोची खोली वर होती, ती वारल्यापासून जशीच्या तशी. बाई आणि मिस्त्रींनी पायऱ्या सारख्या केल्या तेव्हा माऊख खालून बघत होते.

"तुमची काही चूक नव्हती," बाई त्यांना म्हणाल्या. "आमचा जिना चुकला होता. तेरा मिलिमीटर."

माऊख म्हणे कठड्याला धरून चढले, वर जाऊन त्या खोलीच्या दारात उभे राहिले, आणि बराच वेळ खाली आले नाहीत. मिस्त्री आणि बाई हत्यारं न वाजवता गाडीत जाऊन बसले. हे सांगताना मिस्त्रींनी कॉफी तशीच ठेवून दिली होती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, कंपनीनं मला काढलं ते बरं केलं. त्यांनी दिलेलं कारण खोटं होतं, पण काम बरोबर झालं.

अजून नऊशे चौऱ्याहत्तर जिने बाकी आहेत. दोघं जातात त्या हिशोबानं त्यांची निवृत्ती होईल तेव्हाही आठशेच्या वर उरतील. बाई म्हणतात, मग निवृत्तीनंतर करू, नाहीतरी दुपारी काय करायचं असतं? तोवर मी इथे खोक्यावर आहे. मला आता जिना वळवायला कुणी दाबत नाही. गुरुवारी माझी साक्ष काढतात, मी पत्ता सांगतो, आणि बाई पेन्सिलीनं त्यावर काट मारतात.

तुमच्या घरी लाकडी जिना असेल, कोपऱ्यात वळणारा, पंचवीसेक वर्षांतला, तर एक विनंती आहे. आज वर जाताना तिसऱ्या पायरीवर जरा थांबा आणि टेप लावून बघा. लाज वाटू देऊ नका, चष्मा बदलू नका, खाट खाली आणू नका. पाय अडखळला असेल तर वेंधळे तुम्ही नाही. तो मी आहे.